साफ केलेलं रान

पूर ओसरला तेव्हा वेदगंगेकाठचं सोयाबीन काळं पडलेलं. शेंग दाबली की नुसतं पाणी. निपाणीहून नुकसानभरपाईच्या सर्वेला माणसं येणार, असं गावात जो तो म्हणत होता. पण अक्काताईंना दम कुठला! गौरी दारात यायच्या आणि रान असं घाण मारत पडलेलं? त्यांनी पैऱ्याच्या बायका बोलावल्या. आज आमच्यात, उद्या तुमच्यात, असा तो हातांचा व्यवहार. दिवस मावळायच्या आत रान लख्ख झालं. सून रूपालीही बांधावरच्या जांभळीला लेकाची झोळी बांधून उपटायला लागली. सासूबाईंपुढं बोलायचं तरी काय?

गौरी गेल्या आणि तलाठी आला. आदर्श त्याचं नाव. विजापूरकडचा कोवळा पोरगा, मराठी मोडकीतोडकी. मोबाईल हातात धरून मोकळ्या रानात उभा राहिला.

"आक्का, पीक एल्ली? कुठं आहे पीक?"

"काढलं की. कुजलंतं सगळं."

"मग फोटो कशाचा घेऊ?"

फोटो नाही तर भरपाई नाही, हे रूपालीला कळलं. तंबाखूची लावण या भरपाईवरच होती. नवरा नागेंद्र बेळगावात, उद्यमबागेतल्या फौंड्रीत. तो पाठवायचा ते घरातच संपायचं, रानापर्यंत पोचायचं नाही. लावण हुकली की रान पडीक.

अक्काताईंचा चेहरा एवढासा झाला. "उकिरड्यात हाय की. पाटीनं आणून परत पसरू?"

"नको, नको! ते खोटं होतंय."

तोवर शेजारच्या रानातून बाळाबाई पदर खोचत आली, मागं पैऱ्याच्या आणखी तिघी.

"काय रं साहेबा, आमच्या अक्काचं नाव का घालंनास?"

"पीक दिसत नाही, आक्का."

"दिसंल कसं? आमी उपटलंय! घे, वास घे. साबणानं बी जाईना झालाय." बाळाबाईनं दोन्ही तळवे त्याच्या नाकापुढं धरले. तो मागं सरला तो थेट पाटात. बूट चिखलात रुतला. बायका खो-खो हसल्या, आणि त्यालाही हसू आवरेना.

"साक्ष देता?"

"व्हय तर! माझी सही लई झ्याक हाय."

मग तो उकिडवा बसला. मातीत राहिलेली कुजकी मुळं उकरून पाहिली. पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर पुराच्या गाळाची रेघ होती, तिच्याशेजारी अक्काताईंना उभं करून फोटो काढला. चौघींच्या सह्या घेतल्या. "वरचे साहेब काय म्हणतील सांगता येत नाही. मी आहे ते लिहितो."

लावणीचे दिवस सरत आले तशी रूपालीची झोप उडाली. मग एका दुपारी, लेकाला पाजताना, मोबाईल वाजला. भरपाई जमा. तिनं मेसेज पुन्हा वाचला आणि डोळे भरून आले. चार बायकांनी आपली कामं टाकून शब्द दिला, एका परक्या पोरानं तो ऐकून घेतला. तिचं रान आता हिरवं होणार होतं.

"त्या पोराला फोन लाव," अक्काताई म्हणाल्या.

फोन कानाला धरून त्यांनी घसा खाकरला. आभार मानायची सवय त्यांच्या तोंडाला नव्हती.

"ऊट आयता, आप्पा? जेवलास का रं?"

पलीकडून तो नाही म्हणाला असावा, कारण अक्काताई एकदम खेकसल्या, "मग कवा जेवणार? दिवस कलला की! हिकडंच ये. भाकरी खातोस न्हवं?"