सातवी कुंडी

माणसाच्या सुखदुःखाशी झाडापाल्याचा काडीचाही संबंध नसतो, हे सरांनी उभी हयात मुलांच्या डोक्यात उतरवण्यात घालवली होती. आणि आता ते बाल्कनीत उकिडवे बसून बायकोच्या केसांतल्या आकड्याने सातव्या कुंडीतली माती उकरत होते.

सर भौतिकशास्त्र शिकवत. कुणी काहीही सांगितलं की "पुरावा?" एवढंच विचारत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव पुरावासर पाडलं होतं.

बायकोने मिरचीचं बी पेरलं, त्याच सुमारास आंघोळ करताना तिच्या हाताला काखेजवळ गाठ लागली. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत काळजी करू नका. त्या दिवसापासून सरांची झोप उडाली. सहा कुंड्यांत मिरची तरारून वर आली. नळाशेजारची सातवी नुसतीच ओली. एका सकाळी तिच्यासमोर दात घासत असताना, काहीही कारण नसताना, सरांच्या मनात आलं: ही उगवली तर गाठ साधी. विचार त्यांनी लगेच झटकला. तो गेला नाही.

आकड्याला काहीच लागेना. बी कुजलं असणार. सरांनी आणखी खोल उकरलं.

"अहो, काय चाललंय तिथे?" बायकोने आतून विचारलं.

"कुठे काय. माती मोकळी करतोय."

"माझ्या आकड्याने?"

तिने येऊन आकडा काढून घेतला, धुतला, केसांत खोचला आणि कुंड्यांना पाणी घालू लागली. सातवीला जरा सावकाश. सरांनी आपले मातीचे हात पाठीमागे नेले.

संध्याकाळी ते रोपवाटिकेत शिरले.

"मिरचीचं रोप द्या एक."

"कोणतं? तिखट की भाजीचं?"

"जगणारं."

"साहेब, गॅरंटी मी फक्त कुंडीची देतो."

रोप उत्तरपत्रिकांच्या आडोशाने घरात आलं. बायको स्वयंपाकघरात असताना सरांनी ते सातव्या कुंडीत लावून माती दाबली. निकाल आधी लिहून मग प्रयोग करणाऱ्या मुलांना ते शून्य देत असत.

"अगं, सातवी आली!" सकाळी त्यांनी हाक मारली. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला.

बायकोने येऊन पाहिलं. एका रात्रीत चार पानं.

"उशिरा येणारी कधीकधी जोरात येतात," सर म्हणाले.

"हो का," ती म्हणाली आणि पाणी घातलं.

आता सरांना नवीनच धास्ती लागली: लबाडी पकडली गेली तर? पकडणार कोण, हे त्यांना सांगता आलं नसतं.

दवाखान्यातून फोन आला तेव्हा दोघं बाल्कनीतच होती. बायको नुसतं "हं... हं..." करत होती. सर तिच्या तोंडाकडे बघायला तयार नव्हते. रोपाचं एक पान खाली लोंबलं होतं. ते त्यांनी दोन बोटांनी वर उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"चरबीची गाठ आहे," ती फोन ठेवून म्हणाली. "काही नाही."

सर खालीच बसले. चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले.

"मला वाटलंच होतं," चष्मा पुन्हा चढवत ते म्हणाले. "ही उगवली ना, तेव्हाच..."

"त्यात मी काही पेरलंच नव्हतं."

"काय?"

"बी सहा कुंड्यांतच संपलं."

"मग रोज पाणी कशाला घालत होतीस?"

"तुम्ही तोंडात ब्रश धरून तिच्यासमोर असे उभे राहायचात, की सांगायचा धीरच झाला नाही." तिने केसांतला आकडा काढला, पुन्हा खोचला. "आणि नंतर नंतर मीपण बघायला लागले."

पान सरांनी केव्हाच सोडलं होतं; ते पुन्हा लोंबत होतं.

पुढे सहाही झाडांना मिरच्या धरल्या. सातव्याला वांगी.