परक्यासाठी कुटलेली मिरची

खुळ्.

वाळलेली एकच मिरची माझ्या पोटात पडली आणि तिच्यातलं बी खुळखुळलं. कित्येक दिवसांत त्या घरात एवढाही आवाज झाला नव्हता. मिरची टाकणारा हात माझ्या काठावर तसाच थांबून राहिला.

मित्रांनो, मी म्हसावदची एक जुनी लाकडी उखळी. तो हात होता तापीबाईचा, आणि त्या मिरचीमुळे माझं जग गावच्या वेशीबाहेर गेलं. पण आधी माझी ओळख सांगते.

विसाव्या शतकाच्या तोंडावर पडलेला छपन्न्याचा दुष्काळ सरला, त्यानंतर काही वर्षांनी सातपुड्यातलं एक धावड्याचं खोड बैलगाडीतून खाली उतरलं. भिकन सुतारानं ते कोरलं, आतून गुळगुळीत केलं आणि पोटात तेल जिरवलं. म्हणाला, "आते नातसूनलेबी पुरशी." गिरासेंच्या घरात मी आले ती तापीबाईच्या सासूच्या लग्नात. हळद कुटली, मसाले कुटले, आणि दरवर्षी मिरची. मिरचीच्या दिवशी सगळी गल्ली शिंकायची, आणि सासूबाई पाहुण्यांना अभिमानानं सांगायच्या, "ही आमनी उखळीनी शिंक शे."

पुढे शहाद्याला गिरणी आली. बैलगाड्या तिकडे वळल्या. सासूबाई गेल्या. मला परसात पालथं घातलं आणि माझ्यावर कोंबडी झोपू लागली. पालथ्या उखळीला आभाळ दिसत नाही, बाळांनो. मला नुसती पावलं ऐकू यायची.

त्यातलीच दोन पावलं एके दिवशी अंगणातून निघून गेली. तापीबाईचा नवरा नवलसिंग पलटणीत भरती झाला. समुद्रापलीकडच्या वाळवंटात लढाई चालली होती म्हणे. मग पाटील सांगत आले, की तिथं मोठं ठाणं पडलं आणि नवलसिंगचा ठावठिकाणा लागत नाही. गेला असंही नाही, आहे असंही नाही. तापीबाईनं बांगड्या उतरवल्या नाहीत आणि नवीन भरल्याही नाहीत. छोट्या केशरला जवळ घेऊन ती दारात बसून राहायची.

अशात रूपकंवर आली. हुकमीचंद शेठच्या दुकानाची ती मालकीण. बोलायची अहिराणीच, पण तिच्यात मारवाडी गोडवा. तिनं कोंबडीला हुसकावलं, मला उलथून सरळ केलं आणि म्हणाली, "तापी, मिरची कुटनी शे. कैदमा पडेल शिपाईसले धाडनी शे."

"कोन धाडस?"

"लाल फुलीवाला. रेडक्रॉस म्हनतस त्यास्ले."

"सरकारना मानसं का?"

"कोनताच सरकारना नहीत. दोन्ही बाजूना जखमी त्यास्ना, दोन्ही बाजूना कैदी त्यास्ना."

"दुश्मननाबी?"

"दुश्मननाबी. म्हनीसन तं दुश्मन त्यास्ले दरवाजा उघडस."

रूपकंवर मिरचीचं गाठोडं ठेवून गेली. बऱ्याच वेळानं तापीबाई उठली, एक मिरची घेतली आणि माझ्यात टाकली. खुळ्. तोच तो आवाज.

दुसऱ्या दिवसापासून कुटणं सुरू झालं. मिरची रंजनाबाईच्या शेतातली. ही शेजारची गुजर बाई, जिभेनं तिच्या मिरचीपेक्षा तिखट. तोंडाला पदर बांधून दोघी आळीपाळीनं मुसळ मारायच्या आणि रूपकंवर चाळायची. कुटताना बायका बोलतात, आणि उखळीला कान असतात.

एकदा रंजनाबाई म्हणाली, "शेठानी, इतला मोठा मोठा देश, आन त्यास्नी भांडनं मिटाडनारा कोनीच नही?"

"व्हती ना पंचायत," रूपकंवर चाळणी थोपटत म्हणाली. "शेठ पेपर वाचतस, त्यामा व्हतं. मागली लढाई सरनी तवय देशस्नी पंचायत मांडी, राष्ट्रसंघ नावनी, जिनिवा गावले. ठरं, की आते कोनी कोनवर चाल करी जावानं नही. मंग इटलीवालास्नी गरीब हबशीस्ना मुलूख बळकावा. पंचायतनी त्यास्नं हुक्कापानी बंद करं."

"बेस करं."

"पन तेल चालू ठेवं."

"कसानं तेल? गोडं?"

"मोटारीनं व. तोफागाड्या तेलवर चालतस."

रंजनाबाई आधी हसली, मग शिंकली, मग दोन्ही एकदम करू लागली. "पानी बंद नि तेल चालू. आमना गावना पंच तं बरा, चिलीमबी पेऊ देतस नहीत."

तापीबाई मात्र हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "ती पंचायत मोडनी, मंग हाई लाल फुली कशी चालस?"

रूपकंवरनं चाळणी खाली ठेवली. "ती पंचायत सांगे, लढू नका. हाई म्हनस, लढतस तं लढा, पन पडेल मानूसले पानी द्या. थोडं मांगस, म्हनीसन भेटस व्हई."

मित्रांनो, मी लाकूड. पण हे वाक्य माझ्या पोटात अजून आहे.

आता तापीबाईनं काय केलं ते सांगते. डबे धाडणाऱ्या लाल फुलीच्या समितीचा नियम साधा होता. फक्त मिरची, बाकी काही नाही. पण तापीबाईच्या मनानं घेतलं, की ही मिरची घरच्या चवीची झाली तर तो जिथे असेल तिथे ओळखेल. पहिला घास घेताच त्याला कळेल, की घर जागं आहे. दुपारी रंजनाबाई गेल्यावर तिनं खोबरं काळपट भाजलं, दगडफूल परतलं, धने घातले आणि घरचा मसाला माझ्यात कुटला. किती मायेनं कुटला. मुसळ मारत नव्हती, जणू थोपटत होती. मग तो मिरचीत मिसळून तिनं डबा भरला.

संध्याकाळी रूपकंवर डबे न्यायला आली. झाकण उघडलं आणि तिचा हात थांबला. मसाल्याचा वास काही लपत नाही.

"खोबरं घालं का, तापी?"

तापीबाईनं झाकण परत लावायला हात पुढे केला.

"बोटमा महिनाभर उन्हात जाई. खोबरं खवट व्हई. कोनी आजारी कैदी खाई नि पोट धरी बसी."

"त्याले भेटी तं तो वळखी," तापीबाई म्हणाली. एवढंच म्हणाली.

रूपकंवर रागावली नाही. झाकण तसंच उघडं ठेवून माझ्या शेजारी जमिनीवर बसली. "त्यालेच भेटी, असं कोनी लिखी दिन्हं तुले? डबावर नाव नही ऱ्हात, व माय. तुन्हा डबा मद्रासना पोऱ्या खाई, पंजाबना खाई. नि तिकडे मद्रासनी एखादी बाई आज कुटी ऱ्हायनी व्हई. तिना डबा तुन्हा धनीले जाई. तू तिले वळखस का?"

"नही."

"तीबी तुले वळखत नही. तरीबी कुटस."

तापीबाईनं तो डबा उचलला. मग तो घरात नेऊन ठेवला. ज्वारीच्या कोंड्यानं तिनं मला आतून पुसलं, पुन्हा पुसलं, खोबऱ्याचा तेलकटपणा जाईपर्यंत पुसलं. दुसऱ्या दिवशी तिनं नुसती मिरची कुटली. त्या दिवशी मुसळ जड पडत होतं आणि नेमकं पडत होतं. पोटात मुसळाचे घाव खाणारी मी, पण खरं सांगते, तसं सुरेख काम माझ्यात कधी झालं नव्हतं.

ती थंडी सरली, मिरचीचा नवा हंगाम आला, तेव्हा पाटील अंगणात आले. या वेळी बसायच्या आधीच म्हणाले, "नवलसिंग जित्ता शे. इटलीमा कैदमा शे." पकडणाऱ्यांनी त्याचं नाव लाल फुलीवाल्यांना कळवलं होतं, आणि लाल फुलीवाल्यांनी इकडे. शत्रूनं नाव कळवायचं, हा नियम सगळ्यांनी मिळून केलेला. तो पाळला गेला, म्हणून म्हसावदच्या एका घरात पुन्हा चूल नीट पेटली. त्या दिवशी कासारीण आली. केशरनं आईच्या आधी हात पुढे केला.

लढाई संपली आणि नवलसिंग परतला, वाळून निम्मा झालेला. जेवताना केशरनं विचारलं, "आबा, तठे मिरची भेटनी का?"

"भेटनी. डबामा यायची."

तापीबाईनं भाकरी थापता थापता कान दिला.

"आपली नव्हती," तो म्हणाला. "आंबूस वास व्हता, दूरदेशना. पन कोनी तरी उखळमा कुटेल व्हती. गिरणीनी नव्हती. आम्ही बोट लाई लाई चाटी काढी."

तापीबाईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, धूर फार झाला.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले. माझी एकच विनवणी आहे. लाकडी उखळी मुसळाच्या घावानं सहसा फुटत नाही. ती तडकते कोपऱ्यात कोरडी पडून. देशादेशांनी मिळून मांडलेल्या या पंचायतींचंही तसंच असावं. हात लावत राहा, तेल जिरवत राहा. सणापुरती पूजा करून पालथ्या घालू नका.

नवलसिंग परतला त्याच हंगामातली एक दुपार. तापीबाई घरची मिरची कुटत होती आणि नवलसिंग दुकानावरून ऐकून आलेली बातमी सांगत होता. जुनी पंचायत बंद होणार, देशांनी नवी मांडली, संयुक्त राष्ट्रं नावाची. या वेळी जवळपास सगळे मोठे देश आत आहेत. त्यात पाच बडे पंच. त्या पाचांतला एकजण जरी नाही म्हणाला, तरी काम थांबतं.

केशर मिरचीचे देठ खुडत होती. खुडता खुडता तिनं मान वर केली.

"माय, त्या पाचमातलाच कोनी दुसराना घरमा घुसना तं?"

मुसळ वर गेलेलं होतं. तापीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. केशर देठ हातात धरून दोघांच्या उत्तराची वाट बघत राहिली.