काचेच्या आलमारीची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची आलमारी आहे. यवतमाळात एका वकिलांच्या घराच्या व्हरांड्यात मी भिंतीला पाठ लावून उभी असते. माझ्या वरच्या फळीवर जुन्या फायली आहेत आणि खालच्या फळीवर चपला. माझ्या दोन दारांपैकी एकाला काच नाही. आलमारीच्या आयुष्यात सांगण्यासारखे ते काय असणार, असे मलाही वाटते. पण तुम्ही चपला काढायला वाकलाच आहात, तर थोडे ऐका.

माझे लाकूड सागाचे, झरी जामणीकडच्या जंगलातले. फुलचंद मिस्त्रीने मला रंधा मारला, खाचेत खाच बसवून जोडले आणि लाखेचे पॉलिश चढवले. दोन काचेची दारे आणि मध्ये एक पितळी कुलूप. "आता हिच्यात काहीही ठेवा साहेब, सोन्यावाणी दिसते," असे तो म्हणाला, तेव्हा मी अभिमानाने फुगले होते.

मला बनवून घेतले वकील श्रीकृष्णरावांनी, आपल्या पत्नीला भेट म्हणून. कोर्टाला नाताळची सुट्टी लागली होती. त्यांच्या पत्नी शीलाबाई दारव्ह्याच्या. माहेरचे घर रेल्वेफाटकाजवळ होते. लहानपणी त्यांनी यवतमाळ-मूर्तिजापूर धावणाऱ्या छोट्या गाडीला, म्हणजे सगळे जिला शकुंतला म्हणतात तिला, रोज हात केला होता. पण त्या तिच्यात कधी बसल्या नव्हत्या. त्या दिवशी हमाल मला बैठकीत टेकवत असताना त्या म्हणाल्या, "अहो, आलमारी कायले आणली? मी तर म्हटलं होतं, दोघं शकुंतलेनं मूर्तिजापूरपर्यंत जाऊन येऊ. नुसतं खिडकीत बसू. शिदोरी मी बांधते."

"त्या गाडीसोबत सायकलवाला गप्पा मारत जातो, शीला."

"म्हणूनच तर!"

"आणि आल्यावर लोकांना दाखवशील काय? गाडीतून उतरलं की हात रिकामा. वस्तू राहते."

माझी किल्ली त्यांनी जानव्याला बांधली. शीलाबाईंना दिली ती फक्त काच पुसायची फडकी.

दर नाताळात मग एक वस्तू येऊ लागली. चिनी मातीचा टी-सेट आला, त्यात कधी चहा ओतला गेला नाही. काचेचे हंस आले. दर वर्षी शीलाबाई गाडीचे नाव काढत आणि दर वर्षी वकीलसाहेब माझे दार उघडून दाखवत, "हे पाहा, हे कुठं गेलं काय?" संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला बायका येत. शेजारच्या इंदुताई आल्या आल्या म्हणत, "तिळगूळ तं घरी बी हाय, शीलाताई. आमी आलमारी पाहाले आलो." शीलाबाई हसत. मग सगळ्या गेल्यावर माझ्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसत बसत.

पुढे कापसाची वाईट वर्षे आली. अळीने बोंडे पोखरली, जे वाचले त्याला भाव मिळाला नाही, आणि एकेक करत सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या बंद पडल्या. वकीलसाहेबांकडे पक्षकार वाढले. पण त्यांच्या हातात फीऐवजी फडक्यात गुंडाळलेले काहीतरी असे. वकीलसाहेब कधी मागत नसत. ते फक्त त्या गाठोड्याकडे पाहत राहत. समोरचा माणूस मग आपणच गाठ सोडत असे. नाताळच्या भेटी आता बाजारातून येत नव्हत्या.

त्या वर्षीची भेट होती चांदीचा कुंकवाचा करंडा. झाकणावर मोर होता. वकीलसाहेबांनी तो हळदीकुंकवापुरता बाहेर काढून दिला. "वापर, आणि बायका गेल्या की परत आत," ते म्हणाले आणि कोर्टात गेले.

इंदुताईंनी त्या दिवशी आपल्या मागच्या खोलीत राहणाऱ्या विमलताईंना ओढून आणले होते. त्यांचा नवरा डोमाजी एका बंद पडलेल्या जिनमध्ये फिटर होता. शीलाबाई त्यांना ओळखत नव्हत्या. त्यांनी करंड्यात बोट बुडवले आणि विमलताईंच्या कपाळाला कुंकू लावले. विमलताईंची नजर करंड्यावरून हलेना.

"मोराचा तुरा मोडलाच हाय न अजून?" त्यांनी विचारले.

"हो, मोडलाय. तुम्हाला कसं माहीत?"

"माह्या पोरीनं चावला होता. दात येत होते तिले." मग त्यांनी इतर बायकांकडे पाहिले. "मायनं देल्ला होता मले लग्नात. माह्याकडे पेटीतच राहे. इथं लोकं पाहतात तरी. राहू द्या."

इंदुताईंना हसू आवरले नाही. "घ्या! आमी समजत होतो साहेब नागपूरहून आणतात."

शीलाबाईंच्या हातातून कुंकू सांडले. विमलताईंनी ते वाकून चिमटीने उचलले, परत करंड्यात टाकले आणि वाण न घेता निघून गेल्या.

संध्याकाळी शीलाबाई म्हणाल्या, "तो करंडा परत करा."

"मी हिसकावून आणला नाही. त्यानं दिला. दिलेली वस्तू कोणी परत मागत नसते."

"मग मला यापुढं वस्तूच नको. कधीच नको."

"नको तर नको," वकीलसाहेब म्हणाले आणि करंडा आत ठेवून किल्ली फिरवली.

त्या पावसाळ्यात डोमाजीला कावीळ झाली आणि तो गेला. शीलाबाईंना हे इंदुताईंकडून कुंपणावरून कळले. त्यांनी करंड्याचा विषय पुन्हा काढला. वकीलसाहेब म्हणाले, "आता तर तिला त्याचा उपयोगच नाही."

आणि नाताळात चमत्कार झाला. वकीलसाहेब स्वतःहून म्हणाले, "यंदा वस्तू नाही. चल, शकुंतलेनं जाऊ." शीलाबाईंनी पहाटे उठून दशम्या केल्या, चटणी कुटली, हिरवी साडी नेसल्या. घराबाहेर पडताना त्यांनी मला हात लावला. मला वाटले, चला, आता माझ्यावरचा यांचा राग गेला.

पुढचे मला एका हंडीने सांगितले. हंडी म्हणजे छताला टांगायचा काचेचा दिवा. गाडी दारव्ह्याला थांबली तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "उतर. पाच मिनिटांचं काम आहे." काम फी थकलेल्या एका कापूस व्यापाऱ्याच्या घरी होते. त्याच्या म्हाताऱ्या आईसमोर हंडी छतावरून उतरवली गेली, आणि छताचा रिकामा आकडा बराच वेळ हलत राहिला. तोवर गाडी मूर्तिजापूरकडे निघून गेली होती. परतीच्या गाडीत हंडी शीलाबाईंच्या मांडीवर होती. दोन्ही हातांनी धरायची होती. बाहेर तुरीची शेते पिवळी झाली होती.

"बाहेर काय पाहून राहिली? हंडी पाहा," वकीलसाहेब म्हणाले. दशम्या त्यांनीच खाल्ल्या. शीलाबाईंचे हात मोकळे नव्हते.

घरी येऊन ते येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत राहिले, "यंदा हिला प्रवास घडवला आणि वस्तूही मिळाली!"

तीन आठवड्यांनी हळदीकुंकू आले. बायका सतरंजीवर बसल्या. वाणाची ताटे मात्र दिसेनात. वकीलसाहेबांनी करंडा काढून दिला होता आणि किल्ली घेऊन ते कोर्टात गेले होते. शीलाबाई स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा बत्ता घेऊन आल्या आणि त्यांनी तो माझ्या डाव्या दारावर घातला. मित्रांनो, काच फुटताना मोठा आवाज होतो, पण दुखते ते नंतर.

"वाण लुटा," शीलाबाई म्हणाल्या.

बायका जागच्या हलल्या नाहीत. तुम्हाला सांगायला हवे, हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला जी वस्तू देतात ते वाण, आणि ते वाटण्याला लुटणे म्हणतात. एकदा लुटलेले वाण कोणी परत मागत नाही.

"साहेब आमच्यावर केस टाकतील न वं," इंदुताई म्हणाल्या.

"टाकू द्या. वाण परत मागणारा माणूस यवतमाळात कसं तोंड दाखवतो, ते मला पाहायचं आहे."

मग हात पुढे आले. हंस गेले, हंडी गेली. इंदुताईंनी टी-सेट पदरात घेतला आणि एक बशी कमी आहे म्हणून कुरकुरल्याही. अर्ध्या तासात मी रिकामी झाले.

विमलताईंना त्या वर्षी कोणी बोलावले नव्हते. विधवा बाईला हळदीकुंकवाला बोलावत नसत. माझ्यासमोरच्या खिडकीतून इंदुताईंचे मागचे अंगण दिसे. शीलाबाई करंडा घेऊन तिथे गेल्या. विमलताई भांडी घासत होत्या.

"आता कायले आणला वं बाई? मांगच्या साली आणला असता तं मी भरला असता. आता काय ठेवू याच्यात? लवंगा?"

शीलाबाईंनी करंडा तसाच पुढे धरला. विमलताईंनी राखेच्या हाताने करंडा घेतला, नळाखाली धरला, आणि लाल पाणी मोरीकडे वाहत गेले. मग घासलेल्या पेल्यांच्या रांगेत त्यांनी तो पालथा घातला आणि पुढचे भांडे उचलले.

संध्याकाळी वकीलसाहेब माझ्यासमोर उभे राहिले. "कोणाकोणाला दिलं?"

"दिलेली वस्तू कोणी परत मागत नसते," शीलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांनी मला व्हरांड्यात काढले. किल्ली मात्र जानव्यालाच राहिली. काच पुन्हा बसवली नाही. वर्षभर माझ्या अंगावर धूळ बसली आणि कोणी ती पुसली नाही.

पुन्हा नाताळ आला. सुट्टीच्या पहिल्या दिवशी वकीलसाहेब सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा कोट घालून व्हरांड्यात येऊन बसले. "शीला," त्यांनी हाक मारली, "शिदोरी बांध. आज थेट मूर्तिजापूर. मधे कुठं उतरायचं नाही."

शीलाबाई हिरवी साडी नेसून बाहेर आल्या. हातात छोटे गाठोडे होते. "बांधली आहे. एकटीपुरती."

"आणि मी?"

"तुमची वस्तू आहे ना इथं. बसा तिच्याजवळ."

ते बसले. दुपारी जेवले नाहीत. अंधार पडल्यावर फाटक वाजले, तेव्हा ते धडपडत उठले. शीलाबाईंचे केस वाऱ्याने विस्कटले होते, हात रिकामे होते, आणि त्या स्वतःशीच हसत होत्या.

"काय पाहिलं?" वकीलसाहेबांनी विचारले. मग पुन्हा, हळू आवाजात, "सांग तरी."

"दाखवण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या. चपला माझ्या खालच्या फळीवर ठेवून आत गेल्या. त्या चपलांना मूर्तिजापूरच्या फलाटाची धूळ होती. इतक्या वर्षांत शीलाबाईंनी स्वतःची अशी माझ्यात ठेवलेली ती पहिलीच वस्तू.

वकीलसाहेब बराच वेळ त्या चपलांकडे पाहत राहिले. मग वाकून त्यांनी जानव्याची किल्ली कुलपात फिरवली आणि चपला आत कोंडल्या. सकाळी शीलाबाईंनी फुटक्या काचेच्या जागेतून हात घालून चपला काढल्या आणि पुन्हा गाडीला गेल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी आपली काळजी घ्या म्हणून विनवतात. मीही विनवते, मला वाळवी लागू देऊ नका, जाता येता एखादे फडके मारा. पण उद्या मोठे झाल्यावर घरच्या बाईला भेट द्यायची असेल, तर मला नेऊ नका. तिला कुठे जायचे आहे ते विचारा आणि ती सांगेल त्याच वर्षी तिच्यासोबत जा. वकीलसाहेब अजून दर नाताळात कोट घालून माझ्याजवळ बसतात. त्यांच्या चपला माझ्या फळीवर आहेत. त्या चपलांवर धूळ आहे, पण ती इथलीच.