चाळीस बेडकांचे हातमोजे

आपली पीएचडी बापाच्या काटकसरीत बुडेल, असं उन्नतीला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

जामुलच्या तळ्यावर तिने चाळीस बेडकांच्या कातडीवरून कापसाचा बोळा फिरवला होता. बुरशीचा रोग शोधायचा तर प्रत्येक बेडकाला नवे हातमोजे, हा पहिला नियम. प्रयोगशाळेतलं यंत्र बुरशीचा कणभर अंशही लाखो पटींनी वाढवून दाखवतं. बेडूक धरायला सोबत वडील होते, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले चिंधूजी. मोज्यांचा डबाही त्यांच्याच ताब्यात.

निकाल आला. पहिले सहा बेडूक निरोगी, सातव्यात बुरशी भरपूर, पुढचे झाडून सगळे बाधित. साध्या पाण्याचा नमुना स्वच्छ निघाला, म्हणजे यंत्राचा दोष नाही. एवढी मोठी साथ सापडली म्हणून तिचे मार्गदर्शक शामसुंदर सर हरखले. "मार्चमध्ये प्रबंध देऊन टाक," म्हणाले. उन्नती पेढे घेऊन खुर्सीपारला घरी आली.

पेढा तोंडात टाकून चिंधूजींनी डबा पुढे केला. "पाह्य, आर्धा डब्बा वाचवला तुया! वापरलेली हरेक जोडी एकाच बादलीत धुतली, पावडर लावली, घडी करून परत ठेवली. तुले समजलं तरी का? प्लांटात आमी एक जोडी महिनाभर चालवत होतो."

उन्नतीने डब्यातली एक घडी उलगडून पाहिली. धुतल्याने मळ जातो, बुरशीचा अंश नाही. सातव्याचा रोग बाबांनी मोठ्या मायेने पुढच्या तेहतीस बेडकांना वाटला होता.

खरं सांगावं, तर बेडूक आता जमिनीत गेलेले, पुढच्या पावसाळ्याशिवाय दिसायचे नाहीत, आणि तिची मुदत मार्चमध्ये संपणार. गप्प बसावं, तर जन्मभर खोट्यावर डॉक्टर म्हणवून घ्यायचं. इकडे आड, तिकडे विहीर. बेडकाला दोन्ही चालतात, माणसाला नाही. तिला बापाचा भयंकर राग आला. पण त्या खुशीत पेढा चघळणाऱ्या तोंडाकडे पाहून तो राग काढायचा तरी कसा?

तिने आतल्या खोलीत जाऊन फोन लावला.

"सर, निकाल रद्द करा. मोजे धुऊन पुन्हा वापरले. मीच."

सर बराच वेळ ओरडले. तिने सगळं ऐकून घेतलं.

वळली, तर चिंधूजी दारात उभे.

"खोटं कावून बोलली, बाई? मोजे तर मी धुतले ना?"

चिंधूजींनी हातातला दुसरा पेढा हळूच पुड्यात परत ठेवला.