लाल रंग

कारकूनबाई ऑफिसच्या लिफ्टच्या बिघाडांचा आलेख करत होत्या. प्रत्येक महिन्याचा एक खांब आणि त्यात एकावर एक रचलेले तीन रंग: वर दिव्यांचे बिघाड निळे, मध्ये दाराचे पिवळे आणि तळाशी ब्रेकचे लाल. निळा-पिवळा होता तेवढाच होता. लाल मात्र दर महिन्याला चढत चालला होता.

"बाई, तो लाल घालवा," मागून साहेब म्हणाले. "बघणारे उगाच घाबरतील."

"आकडे कसे घालवू, साहेब?"

"आकडे राहू द्या हो! नुसता रंग काढा."

बाईंनी लाल तुकड्यांचा रंग काढला. खालचा आधारच दिसेनासा झाला आणि वरचे तुकडे अधांतरी लटकले.

"झकास! प्रिंट काढा, नवव्या मजल्यावर मीटिंग आहे."

लिफ्ट उघडीच उभी होती. गुडघ्यांमुळे बाईंना जिना झेपत नव्हता. साहेब सोबत आहेत, या एका धीरावर त्या जीव मुठीत धरून आत शिरल्या.

"या ना, साहेब."

"तुम्ही व्हा पुढे," साहेब म्हणाले, आणि जिन्याकडे वळले.