चौकटची दुर्री

कुठलीही गोष्ट लिहून काढल्याशिवाय नानाजींना चैन पडत नसे. गडचांदूरच्या चुनखडी खाणीत तीस वर्षं साहेबकी केलेली. निवृत्तीनंतर हाताखाली कोणी उरलं नाही, तेव्हा सगळी हौस त्यांनी पत्त्यांतल्या ब्रिजच्या वहीवर भागवून घेतली. कोणत्या बोलीचा अर्थ काय, बचाव करताना कोणतं पान काय सांगतं, सगळं शाईनं. त्यांचे भिडू लटारूभाऊ खाणीच्या कॉलनीतल्या क्लबात चहा देता देता, साहेबांच्या खांद्यावरून बघून खेळ शिकलेले. दर रविवारी येऊन ते वही तोंडपाठ करत.

चंद्रपूरच्या स्पर्धेत शेवटच्या डावापर्यंत जोडी पहिल्या तिघांत होती. मग एका हाताला लटारूभाऊंकडे चालू रंगाचं पान नव्हतं, त्यांनी चौकटची दुर्री टाकली. नानाजींनी अर्थ घेतला, चौकट नको. ते इस्पिक खेळले आणि डाव गेला. लटारूभाऊंच्या हातात चौकटचे एक्का-राजा तसेच राहिले.

"चौकट पाह्यजे होती तर दुर्री काऊन टाकली?" नानाजी चारचौघांत कडाडले.

विरुद्ध जोडीत क्लबातलेच लोकेशभाऊ होते. "तुमचं ठरलं काय होतं? नियमानं आमाले कळाले पाह्यजे."

नानाजींनी ऐटीत वही उघडून वाचलं, "लहान पान म्हणजे तो रंग नको." वाचता वाचताच त्यांना वरची खोडलेली ओळ दिसली: लहान पान म्हणजे तो रंग हवा. गुरुवारी त्यांनीच ती बदलली होती आणि लटारूभाऊंना सांगायचं साफ राहून गेलं होतं. त्यांचे कान तापले.

लटारूभाऊंनीही वाकून पाहिलं. "मीच भुललो," म्हणाले.

"लटारू, पत्ते खेलनं म्हंजे चाय वाटनं नाई गा," लोकेशभाऊ म्हणाले. टेबलावर हशा पिकला. नानाजीही हसले. सुटलो बुवा, एवढंच त्या हसण्यात होतं. पण चार लोकांना दिसलं ते हसूच.

परतीच्या बसमध्ये त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेजारी लटारूभाऊ बसले होते. राजुरा मागे पडल्यावर नानाजींनी कसंबसं तोंड उघडलं.

"लटारूभाऊ, चूक माही होती. वहीत मी बदललं, तुमाले सांगतलं नाई."

"मले तवाच दिसलं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"इतक्या लोकांत तुमची इज्जत गेली असती."

नानाजींना धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. तरी त्यांनी विचारलं, "रविवारी येसान ना?"

"नाई जी. चुकीचं काई नाई, मानूस भुलते. पन लोकेशभाऊ हासले, तवा तुमी बी हासले. तुमी दुसरा भिडू पाहा."

नानाजींनी मान खाली घातली. गडचांदूर येईपर्यंत ती वर करायची त्यांची हिंमत झाली नाही.