हिरवं पाणी पिऊ नका

मित्रांनो, मी एक जुनं गाईड आहे. दहावीचं नव्हे, व्हिडिओ गेमचं. माझं कव्हर गेलं आहे, मधली बरीच पानं गेली आहेत आणि उरलेल्यांना जिऱ्याचा वास येतो. स्वभावाने मी भित्रा आहे, पण त्यात माझा दोष नाही. माझ्या पानापानावर भीतीच छापलेली आहे. एका पडक्या किल्ल्यात शिरलेल्या वाटसरूला जिवंत बाहेर काढायचं, एवढंच माझं काम. पुढे खड्डा आहे, दाराआड राक्षस आहे, हिरवं पाणी पिऊ नका, असं मी सारखं बजावत असतो, आणि तेही सगळं इंग्रजीत.

एका मोठ्या छापखान्यात माझा जन्म झाला. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, कोरा वास. तिथून मी परभणीला जीवनभाऊंच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात आलो. पोरं वडापावच्या तेलकट हातांनी मला उलगडायची. ‘गाईडात बघ की!’ असा ओरडा झाला की माझी छाती फुगायची. इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं. चित्राखालचा शब्द आणि पडद्यावरचा शब्द जुळवून ती पोरं वाट काढायची. मग हाताहातात मोबाईल आले, दुकानात शुकशुकाट झाला आणि जीवनभाऊंनी मला रद्दीच्या गठ्ठ्यात बांधलं.

मी पालमला कुसुमबाईंच्या किराणा दुकानात येऊन पडलो. तिथले दिवस आठवले की आजही माझी पानं थरथरतात. गिऱ्हाईक आलं की बाईंचा हात माझ्याकडे यायचा आणि टर्रकन पान फाटायचं. किल्ल्याचा तळमजला हळदीबरोबर गेला, राक्षसाची गुहा जिऱ्याबरोबर. आता कोणतं पान जाणार, या धास्तीने मी अर्धमेला होत असे.

मला वाचवलं राणीने. ती सहावीतली मुलगी, चहापत्ती घ्यायला आली होती. फाटायला निघालेल्या पानावरचा किल्ला बघून ती तिथेच खिळली.

“मावशी, हे पुस्तक मला देता का?”

“ने बाई. लय गुळगुळीत कागद हाय, पुडीच सुटायलीय मेली.”

अशा रीतीने माझ्या गुळगुळीतपणाने माझा जीव वाचला. राणीच्या दप्तरात मी अंग चोरून बसलो.

राणीने मला वाचलं नाही, सोडवलं. कवटीचं चित्र असलेल्या बाटलीखाली एक शब्द होता, तो तिने शाळेत उत्तरा मॅडमना विचारला. मॅडम आधी हसल्या, मग म्हणाल्या, “पॉइझन म्हणजे विष.” ‘डेंजर’, ‘ट्रॅप’, ‘एक्झिट’, ‘डू नॉट ड्रिंक’ असे शब्द ती एकेक करून गोळा करू लागली. धाकटा भाऊ परमेश्वर तिचा वाटसरू झाला. त्याला सगळे परम्या म्हणत. अंगण म्हणजे किल्ला, रांजण म्हणजे हिरवं पाणी. राणी ‘पॉइझन!’ ओरडली की परम्या घोटभर पाणी पिऊन धाडकन पडायचा, डोळे फिरवायचा आणि तुळशीचं पान खाऊन हसत उठायचा. कारण माझ्यात तसंच लिहिलं आहे. माझ्यातला वाटसरू मेला तरी पुन्हा उठतो.

तो खेळ बघताना मला कधीच हसू आलं नाही. छापलेल्या माणसाचं ठीक आहे, पण हा पोरगा तर हाडामांसाचा होता.

राणीची आई दैवशाला मला भुताचं पुस्तक म्हणायची. “एक दिस चुलीत घालते बघ ह्याला,” असं ती म्हणाली की मी दप्तराच्या तळाशी जायचो. वाईट नव्हती ती. तिला रात्रंदिवस कामाचा घोर होता.

दिवाळी झाली आणि ऊसतोडीला निघायची वेळ आली. राणीचे वडील आसाराम आणि दैवशाला दरवर्षी कारखान्यावर जायचे. यंदा परम्याला सांभाळायला राणीही निघाली होती. उसाच्या फडात पाणी लांबून आणावं लागतं, म्हणून दैवशालाने सोनपेठच्या बाजारातून एक मोठा निळा कॅन आणला. वापरलेले कॅन तिथे ढिगाने विकायला असतात, आणि फडावर जाणारे सगळेच ते घेतात. दैवशालाने तो राखेने घासला, उन्हात वाळवला आणि काठोकाठ पाणी भरलं. कागदाची चिठ्ठी कधीच निघून गेली होती. पण प्लास्टिकमध्येच उठवलेली अक्षरं तिच्या घासण्याने उलट लख्ख झाली होती.

ट्रॅक्टर दारात उभा होता. भांडी, कोयते, अंथरुणं चढत होती. राणीचं दप्तर बाजेवर होतं आणि उघड्या तोंडातून मी सगळं बघत होतो. परम्याला तहान लागली. दैवशालाने कॅन कलता करून पेला भरला. राणी पलीकडे चुलत्याला दुसरी बाज उचलू लागायला निघाली होती. तिची नजर कॅनवरच्या अक्षरांवर गेली आणि ती जागच्या जागी थिजली.

“परम्या, पिऊ नको! पॉइझन हाय!”

मित्रांनो, त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली तेवढी चुलीचीही कधी वाटली नव्हती. कारण ‘पॉइझन’ ऐकताच परम्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, खेळ सुरू झाला. त्याने बहिणीकडे बघून डोळे मिचकावले आणि पेला तोंडाला लावला.

राणीने धावत येऊन पेला उडवला. पण एक घोट आत गेला होता. परम्या धाडकन आडवा पडला आणि त्याने डोळे फिरवले.

“निघायच्या टायमाला काय खेळ लावलाय गं?” आसाराम खेकसला.

“आण्णा, ह्यो खेळ न्हाई! जहर हाय त्येच्यात, जहर! हे बघा, लिवलंय!”

“त्या भुताच्या पुस्तकातलं इंग्रजी व्हय?” दैवशाला म्हणाली. पण कॅन तिने परम्यापासून लांब सरकवला. परम्या तुळशीचं पान मागत हसत उठला आणि हसता हसता ओकला.

मग आसारामने मोटारसायकल काढली. राणीने खांद्याला दप्तर अडकवलं, कॅन रिकामा करून काखेत मारला आणि मागे बसली. परम्या दोघांच्या मध्ये. रस्ताभर मी एकच विचार करत होतो. माझ्या सगळ्या पानांत विषावर उपाय म्हणून एक हिरवं पान आहे. खरा उपाय माझ्यात कुठेच नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “काय प्यायलाय?” राणीने कॅन पुढे केला. त्यांनी अक्षरं वाचली, तोंडाशी नाक नेलं आणि तडक नर्सला हाक मारली. “घरी मिठाचं पाणी पाजून ओकवलं नाही ना? बरं केलं. घोटभरच गेलंय, तेही पाण्यातून. पण इथंच ठेवावं लागेल.”

सलाईन लागली. परम्या निपचित पडून होता. राणी कॉटच्या पायाशी बसून माझं दप्तर छातीशी आवळत होती. दुसऱ्या दिवशी परम्याने डोळे उघडले.

“ताई, उठलो ना मी?”

राणी ओक्साबोक्शी रडली. तो खेळ ती पुन्हा कधी खेळली नाही.

परम्या बरा झाल्यावर ट्रॅक्टर पुन्हा दारात आला. आता ट्रॉलीत इतरांचीही बिऱ्हाडं होती आणि प्रत्येक बिऱ्हाडात तसाच एक कॅन. दैवशालाने राणीचा हात धरून तिला एकेका कॅनपाशी नेलं. “वाच गं. ह्याच्यावर काय हाय?” राणी वाचत गेली. कुठे तेलाचं नाव निघालं, कुठे पातळ साबणाचं. शेवटचा कॅन ट्रॉलीत बसलेल्या बबिताचा होता. बबिताच्या मांडीवर तान्हं मूल होतं.

राणीने त्या कॅनवरून हात फिरवला. अक्षरं होती, पण कुणीतरी दगडाने घासून सपाट केली होती.

“ह्याच्यावर काहीच न्हाई.”

“काही न्हाई म्हंजी चांगलंच हाय की!” बबिता सुटल्यासारखी हसली.

राणीने नाही म्हणून मान हलवली. पुसलेल्या अक्षरांसाठी माझ्याकडेही शब्द नव्हता. शेवटी दैवशालानेच तो कॅन उचलला, पाणी मातीत ओतलं आणि स्वतःच्या घागरीकडे बोट करून बबिताला म्हणाली, “मपल्या घागरीतलं पी. न्हाईच पुरलं तर बघू.” रिकामा कॅन तिने रस्त्याच्या कडेला ठेवला. ट्रॅक्टर सुरू झाला.

मी वळणापर्यंत मागे बघत होतो. कॅन उभा होता, निळा, धुतलेला, झाकणासकट. असला धड डबा रस्त्यावर फार वेळ राहत नाही. मित्रांनो, तुम्हाला तो कुठे दिसला, कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या शेतात, तर विचारत बसू नका. आधी त्याच्या बुडाला भोक पाडा.